अनुमोदन

"प्रार्थना नको," अमोलिक सर म्हणाले. "नखं काढा."

त्यांनी पलंगावरून दोन्ही पाय खाली सोडले. एस्तेरमावशींनी पिशवीतून काढलेलं पुस्तक परत पिशवीत ठेवलं आणि सरांच्या सुनेला कोमट पाणी आणायला सांगितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मला खाली बसता येत नाही. तू बस."

मी बसले. सुनेनं घमेल्यात पाणी आणून ठेवलं, त्यात मूठभर मीठ टाकलं. सरांनी पाय बुडवले आणि पाणी गार असल्याची तक्रार केली. ते गार नव्हतं.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवत होते आणि आमच्या गावच्या मिशन कंपाउंडमध्ये बाबांच्या दोन खोल्यांत एकटी राहत होते. आई आधीच गेली होती. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि तेव्हापासून मला प्रार्थना करता येईना. डोळे मिटून "हे प्रभू" इथपर्यंत व्हायचं. पुढे काही नाही. एखाद्याला हाक मारावी, त्यानं मागे वळून बघावं आणि आपण काय सांगणार होतो ते विसरून जावं, तसं.

सात-आठ महिने असे गेल्यावर मी आमच्या चर्चच्या पाळकांकडे गेले. भांबळ पाळक माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्यांच्याकडे तीन गावांच्या मंडळ्या आणि एक मोटारसायकल होती. मला वाटलं होतं, ते एखादं वचन देतील, चार दिवस उपास करायला सांगतील, निदान डोक्यावर हात ठेवतील. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, डायरी उघडली आणि विचारलं, "शनिवारी दुपारी मोकळ्या असता का?"

शनिवारी सकाळची शाळा असायची. मी हो म्हटलं. त्यांनी मला एस्तेर त्रिभुवन यांच्याकडे पाठवलं.

एस्तेरमावशी मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स होत्या. वय अडुसष्ट. दर शनिवारी दुपारी त्या मंडळीतल्या आजाऱ्यांना आणि म्हाताऱ्यांना भेटायला जात. आता त्यांचा उजवा गुडघा गेला होता आणि पिशवी धरायला कुणीतरी हवं होतं. मला वाटलं होतं, त्या मला मार्गदर्शन करतील. चार महिन्यांत त्यांनी मला अंथरुणातल्या माणसाखालची चादर कशी बदलायची ते शिकवलं. प्रत्येक घरातून निघताना त्या स्वतः प्रार्थना करायच्या. छोटी, औषधाचा डोस द्यावा तशी. एकदा वाटेत मी धीर करून विचारलं, की मावशी, आतून काहीच येत नसेल तर माणसानं काय करावं? त्यांनी थोडा विचार केल्यासारखं केलं आणि विचारलं, "पुढच्या घराला जिना आहे का गं?"

तर त्या शनिवारी कालव्याच्या पलीकडे जायचंय, एवढंच त्या म्हणाल्या होत्या. कुणाकडे ते मी विचारलं नाही. दारावरची पाटी मी वाचली तेव्हा मावशी आत पोहोचल्या होत्या. दा. य. अमोलिक, निवृत्त मुख्याध्यापक. मला तिथूनच परत फिरता आलं असतं. पण पिशवी माझ्या हातात होती.

अमोलिक सरांना मी पंधराव्या वर्षापासून ओळखत होते. म्हणजे त्यांची सही ओळखत होते.

माझे बाबा, शांतवन मकासरे, साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते आणि रविवारी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पेटी वाजवायचे. मी नववीत असताना गावात मारुतीच्या देवळात सप्ताह होता. त्यांचा पेटीवाला दुसऱ्याच दिवशी तापानं आडवा झाला. बाबांचे मित्र सदूभाऊ तांबे, कापडगल्लीतले शिंपी, संध्याकाळी आमच्या दारात आले आणि म्हणाले, अडचण झाली आहे. बाबांनी शर्ट बदलला आणि गेले. पाच संध्याकाळी त्यांनी तिथे पेटी वाजवली. सहाव्या दिवशी पेटीवाला बरा झाला.

पुढच्या महिन्यात मंडळीच्या पंच कमिटीचं पत्र आलं. अन्य दैवताच्या भजनात साथ केल्याबद्दल एक वर्षापर्यंत आपणांस प्रभुभोजन घेता येणार नाही, तसेच उपासनेत पेटी वाजवता येणार नाही. प्रभुभोजन म्हणजे उपासनेत मिळणारी भाकर आणि द्राक्षारस. खाली सेक्रेटरी म्हणून अमोलिक सरांची सही. अक्षर फार सुंदर होतं.

बंदी एक वर्षाची होती. बाबांनी ती अठरा वर्षं पाळली.

ते दर रविवारी स्वच्छ कपडे घालून आमच्याबरोबर निघायचे, देवळाच्या फाटकापर्यंत यायचे आणि, आत यायला बंदी नसतानाही, बाहेरच्या कठड्यावर बसायचे. आई आणि मी आत जायचो. वर्ष संपल्यावर पंचांनी निरोप पाठवला, आता या. बाबा कठड्यावरच बसले. हळूहळू लोकांना त्याची सवय झाली. नव्या पाळकांना कुणीतरी पहिल्याच रविवारी सांगून टाकायचं की बाहेर बसलेत ते मकासरे आहेत. आतून मला खिडकीतून त्यांची पाठ दिसायची. शेजारी बहुतेक वेळा सदूभाऊ असायचे. बाबा घरी कधी कुणाबद्दल वाकडं बोलले नाहीत. ते काम मी करायचे, मनातल्या मनात, आणि ते करायला मला कधी विसर पडला नाही.

आणि आता त्याच अमोलिक सरांचा उजवा अंगठा माझ्या हातात होता.

नखं कवडीसारखी जाड झाली होती. नेलकटर लागेना. मावशींनी पिशवीतून दवाखान्यातली वाकडी कात्री काढून दिली आणि खुर्चीवर बसून सूचना देत राहिल्या. कोपऱ्यात शिरू नको. सरळ काप. साखर आहे त्यांना, जखम भरायची नाही.

सर शहाऐंशी वर्षांचे होते. आठवणीचं त्यांच्या काही सांगता येत नाही, असं सून म्हणाली. चोपन्न सालच्या वार्षिक सभेत कोण काय बोललं ते त्यांना पाठ होतं. सकाळी जेवले की नाही ते सांगता येत नव्हतं. दुसरा पाय घेतला तेव्हा त्यांनी मला विचारलं, "आपण कुणाच्या?"

मी ह्या प्रश्नाची वाट बघत होते. एकोणीस वर्षं बघत होते म्हटलं तरी चालेल.

"शांतवन मकासऱ्यांची मुलगी," मी म्हणाले.

सरांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग छताकडे बघितलं. मग म्हणाले, "आठवत नाही."

मी उरलेली चार नखं काढली. करंगळीचं फार लहान होतं, त्याला वेळ लागला. पाय पुसले, बोटांच्या मधे कोरडं केलं, मावशींनी दिलेलं खोबरेल लावलं. सर म्हणाले, "चांगलं काम आहे." मावशींनी छोटी प्रार्थना केली. ह्या वेळी सरांनी हरकत घेतली नाही. आम्ही जय ख्रिस्त म्हणून निघालो.

कालव्याच्या कडेनं कच्चा रस्ता होता. फेब्रुवारी संपत आला होता, पण ऊन मे महिन्यासारखं होतं. मावशी माझा खांदा धरून चालत होत्या.

"मी पुढच्या शनिवारी येणार नाही," मी म्हणाले.

"बरं."

"तुम्हाला माहीत होतं ना, हे कोण आहेत माझ्या दृष्टीनं?"

"हो."

"मग मला नेलं कशाला?"

मावशींनी खांद्यावरची पकड बदलली. मग म्हणाल्या, "मला एकटीला जायला धीर होईना. सहा महिने झाले, सून निरोप पाठवतेय. मी टाळत होते."

"तुम्हाला कसली भीती?"

"सुनिती, त्या सभेला आम्ही सात पंच होतो. सरांनी ठराव वाचला आणि म्हणाले, बाजूचे असतील त्यांनी हात वर करा. माझी तीनची ड्यूटी होती. मी हात वर केला आणि दवाखान्यात गेले."

मी थांबले. त्या पण थांबल्या, कारण त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता.

"वाचलं सुद्धा नव्हतं?" मी विचारलं.

"ऐकलं होतं. अर्धं. मला वाटलं, एका वर्षाचं तर आहे."

मी खांदा सोडवून घेतला, पिशवी त्यांच्या पायाशी ठेवली आणि चालू लागले. मागे बघितलं नाही. चार महिने मी ह्या बाईबरोबर हिंडत होते. हिच्याकडून मला वाट दाखवून घ्यायची होती. माझ्या डोक्यात तेव्हा जे काही चाललं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुलापाशी आले तेव्हा मात्र एक गोष्ट लक्षात आली. तिथून कंपाउंड सव्वा मैल होतं, रिक्षा कालव्यापर्यंत यायच्या नाहीत आणि त्यांच्या गुडघ्याला आधाराशिवाय एवढं अंतर जमणार नव्हतं.

मी परत फिरले. क्षमा वगैरे काही नव्हतं. मी परत गेले तेव्हा त्या होत्या तिथेच उभ्या होत्या. मी पिशवी उचलली, त्यांनी खांदा धरला.

पुलाच्या पलीकडे एक रसवंती होती. मावशी म्हणाल्या, बसू या. आम्ही बाकावर बसलो. त्यांनी दोन ग्लास सांगितले, बिगर बर्फाचे. उसाच्या चरकाचे घुंगरू बंद झाल्यावर मी विचारलं, "बाबांना माहीत होतं? तुमचं?"

"मीच जाऊन सांगितलं. वर्ष संपल्यानंतर, ते आत येईनात तेव्हा. मला वाटलं, आमच्यावरच्या रागानं बसलेत. मी कठड्यापाशी गेले आणि म्हटलं, मकासरे, माझी चूक झाली, मी पंचांसमोर तसं सांगते, पण तुम्ही आत या."

"मग?"

"ते म्हणाले, बाई, राग पहिल्या पावसाळ्यापर्यंत होता. आता अडचण वेगळीच आहे. मी बाहेर बसायला लागलो तसा सदू दर रविवारी दुकान बंद ठेवून माझ्याशेजारी येऊन बसतो. त्याला वाटतं, त्याच्यामुळे माझं हे झालं. तो काही आत यायचा नाही. मी आत गेलो तर तो एकटा इथं काय करील?"

मी ग्लास खाली ठेवला.

"आणि मला म्हणाले, कुणाला सांगू नका. सदूला कळलं तर तो यायचा बंद होईल." मावशींनी पदरानं तोंड पुसलं. "म्हणून नाही सांगितलं. आणि पंचांसमोरही गेले नाही. ते मात्र त्यांनी सांगितलं म्हणून नाही. ते माझं मीच."

त्या संध्याकाळी मी स्वयंपाक केला नाही.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी कापडगल्लीत गेले. सदूभाऊ आता मशीनवर बसत नव्हते. दुकानाच्या पायरीवर बसून काजं करत होते. बाबांच्या अंत्यविधीला ते कबरस्तानाच्या भिंतीबाहेर उभे होते आणि मी त्यांना आत बोलावलं नव्हतं. त्यांच्याशी मी त्यानंतर बोललेच नव्हते. मी विचारलं, दर रविवारी तुम्ही तिथे का येत होता?

"शांतवनराव एकटे बसायचे," ते म्हणाले, जणू ह्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. "माझ्यामुळेच झालं होतं ते. मी त्यांना किती वेळा म्हटलं, तुम्ही आत जा. ते म्हणायचे, इथूनही ऐकू येतं."

"कंटाळा नाही आला?"

"पहिली दोन वर्षं आला. मग गाणी पाठ झाली." त्यांनी दोरा दातानं तोडला. "उपदेश लांबला की ते घड्याळ बघायचे. मग आम्ही कारखान्याच्या गोष्टी बोलायचो. शेवटची प्रार्थना सुरू झाली की ते टोपी काढायचे. मग मीही काढायचो."

म्हणजे दोन माणसं अठरा वर्षं एका कठड्यावर बसली, एकमेकांना एकटं सोडायचं नाही म्हणून. आणि मी आत बसून त्यांच्या पाठीकडे बघत राग धरत होते. तो राग बाबांचा आहे अशी माझी समजूत होती. सदूभाऊंना मी बाबांचं कारण सांगितलं नाही. त्यांनी मला चहा पाजला आणि माझ्या ब्लाउजची बाही ओढते आहे असं सांगितलं.

शनिवारी दुपारी दीड वाजता मी मावशींच्या दारात गेले. त्या चपला घालून, पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. मी येणार नाही असं सांगूनही बसल्या होत्या. किती वेळ, ते मी विचारलं नाही.

"आज कुठे?" मी म्हणाले.

"दोन घरं आहेत. पण आधी कालव्यापलीकडे," त्या म्हणाल्या. "आज मला तिथे काम आहे."

सर पलंगावर उशीला टेकून बसले होते. त्यांनी मला पुन्हा विचारलं, आपण कुणाच्या, मी पुन्हा सांगितलं आणि त्यांना पुन्हा आठवलं नाही. मावशी खुर्चीवर बसल्या नाहीत. पलंगाच्या पायथ्याशी, काठ धरून उभ्या राहिल्या.

"सर," त्या म्हणाल्या, "एकोणऐंशी साली आपण पंचांनी शांतवन मकासऱ्यांना प्रभुभोजन बंद केलं. ती चूक होती. मी त्यात होते. मला ते तुमच्यासमोर आणि हिच्यासमोर सांगायचं आहे."

सरांनी डोळे मिटले. मला वाटलं, त्यांना झोप लागली. मग त्यांनी उशी सरळ केली, पाठ ताठ केली आणि मी लहानपणी देवळात ऐकलेल्या आवाजात म्हणाले, "असं तोंडी चालत नाही. ठराव रद्द करायचा तर दुसरा ठराव पाहिजे. आपण पंच आहात?"

"होते."

"राजीनामा दिला होता?"

"नाही. पुन्हा निवडून आले नाही."

सरांनी त्यावर विचार केला. "चालेल," ते म्हणाले. "ह्या बाई?"

"मंडळीच्या सभासद आहेत."

"सूनबाई, कागद आण."

सुनेनं नातवाच्या वहीतला कागद आणि पेन आणलं आणि दारातच उभी राहिली. तिला हसावं की काय ते कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं. सरांनी कागद मांडीवरच्या पुठ्ठ्यावर ठेवला आणि एकेक अक्षर काढत लिहू लागले. लिहिताना मोठ्यानं म्हणत होते. शांतवन मकासरे यांच्यावरील बंदीचा ठराव चुकीचा होता, सबब तो रद्द करण्यात येत आहे. 'चुकीचा' लिहून झाल्यावर ते थांबले. त्यांनी तो शब्द एकदा वाचला. खोडला नाही.

"मांडणार कोण?"

"मी," मावशी म्हणाल्या. "एस्तेर त्रिभुवन."

त्यांनी नाव लिहिलं. "अनुमोदन?"

खोलीत मावशी होत्या, त्या मांडणाऱ्या. सून होती, ती दारात. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी कोण ते त्यांना त्या क्षणीही आठवत नव्हतं, याबद्दल माझी खात्री आहे. त्यांना फक्त अनुमोदन हवं होतं.

मी दिलं तर विषय संपणार होता. पुढच्या रविवारी खिडकीतून कठड्याकडे बघताना माझ्याकडे काही उरणार नव्हतं. अमोलिक सर नुसते एक म्हातारे राहणार होते, ज्यांची नखं वाढतात. मावशी माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या पलंगाचा काठ घट्ट धरून उभ्या होत्या आणि सगळा भार डाव्या पायावर होता. त्यांना बसायला सांगायचं माझ्या मनात आलं. पण त्या बसल्या नसत्या.

"माझं अनुमोदन," मी म्हणाले.

"नाव?"

"सुनिती शांतवन मकासरे."

त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, मधलंही. "बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत."

मावशींनी हात वर केला. मी केला. सरांनी पेन खाली ठेवून स्वतःचा हात वर केला आणि हात मोजले, स्वतःचा धरून. दारात सुनेनंही अर्धवट वर केला होता. तो त्यांनी मोजला नाही, कारण ती त्यांच्या मागे होती.

"एकमतानं मंजूर," सर म्हणाले आणि खाली सही केली. "आता शेवटची प्रार्थना. मकासरेबाई करतील."

मी मावशींकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, म्हणजे तिकडून मदत येणार नव्हती. सरांनीही मिटले होते. मी मिटले आणि म्हणाले, हे प्रभू.

पुढे काय म्हणाले ते मला सलग सांगता येणार नाही. बाबांचं नाव घेतलं, सदूभाऊंचं घेतलं. कबरस्तानाच्या भिंतीबाहेर उभ्या राहिलेल्या माणसाला मी आत बोलावलं नव्हतं, ते सांगितलं. मावशींच्या गुडघ्याबद्दल बोलले. सरांच्या साखरेबद्दल बोलले. रडले असावे, कारण सुनेनं नंतर पाणी आणून दिलं. एका ठिकाणी मला वाटलं, संपलं, पण संपलं नव्हतं. मग एका ठिकाणी खरंच संपलं आणि मी आमेन म्हणाले. मावशी आमेन म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या.

सरांनी डोळे उघडले.

"लांबली," ते म्हणाले.

सुनेनं चहा दिला. निघालो तेव्हा चार वाजून गेले होते आणि अजून दोन घरं राहिली होती. कालव्याच्या रस्त्याला लागल्यावर मावशींनी माझा खांदा धरला. आम्ही पुलापाशी आलो. मग मी त्यांना विचारलं, खरंच लांबली का?

"थोडी," मावशी म्हणाल्या.